शैवालाचं अंतर किलोमीटरमध्ये मोजू नये

कॅलिफोर्नियाजवळच्या सांता बार्बरा सामुद्रधुनीत महाकाय केल्प या तपकिरी शैवालाची जंगलं आहेत. त्यांच्यातलं जनुकीय नातं तपासलं, तेव्हा ते नुसत्या अंतरापेक्षा एका वेगळ्याच मापाने नीट उलगडलं: एका जंगलातलं पाणी दुसऱ्यापर्यंत वाहत जायला किती दिवस लागतात? हे माप विचित्र आहे. जाण्याला आणि येण्याला सारखाच वेळ लागेल, अशी हमी त्यात नाही.

मधली जागाही मोजावी लागते. केल्पला पकड घ्यायला बहुधा खडक लागतो. खडकांची रांग सलग असेल तर पिढ्यान् पिढ्या टप्प्याटप्प्याने पुढे सरकता येतं. मध्ये वाळूचा लांब पट्टा आला की साखळी तुटते.

आणि पोहोचून तरी काय? केल्पचे सूक्ष्म बीजाणू बहुतेक करून आईच्या आसपासच रुजतात. त्यांतून आधी इवलेसे नर आणि मादी तंतू वाढतात. मादी गंधद्रव्य सोडून शुक्रपेशींना बोलावते खरी, पण ही हाक जेमतेम मिलिमीटरभर पोहोचते. म्हणजे दूर वाहत गेलेला एकटा बीजाणू रुजला तरी बिनलग्नाचाच राहणार! खडकावर दाटीने उतरणं भागच आहे.

लांबचा प्रवास करायचा तर अख्खं शैवालच तरंगत जायला हवं. दक्षिण गोलार्धातला बुल केल्प यात पटाईत. त्याच्या पात्यात मधमाशीच्या पोळ्यासारखे हवेचे कप्पे असतात. अंटार्क्टिकाच्या उत्तरेला असलेल्या थंड, म्हणजे उपअंटार्क्टिक, बेटांवर, हजारो किलोमीटरच्या अंतराने, त्याच्या वस्त्या जनुकीयदृष्ट्या जवळजवळ सारख्या आहेत. उलट न्यूझीलंडच्या दक्षिण भागात शेजारशेजारच्या वस्त्यांमध्येही फरक दिसतो. हे कोडं हिमयुगाने सुटतं. बर्फाने बेटांचे किनारे खरवडून साफ केले. बर्फ हटल्यावर वाहत आलेल्या मोजक्या पाहुण्यांनी मोकळे खडक बळकावले. न्यूझीलंडमध्ये मात्र जुने रहिवासी टिकून होते, त्यामुळे नव्यांना जागाच मिळाली नाही. तरंगत येणारे तिथेही असणार, पण गर्दीत त्यांचा वंश सहसा पुढे चालत नाही.

2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर आलेला बुल केल्प तपासला होता. जनुकांवरून तो दक्षिण हिंदी महासागरातल्या कर्गेलेन आणि दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटांवरचा निघाला. 20 हजार किलोमीटरहून लांबचा प्रवास! पण तिथे त्याची वस्ती नाही. किनाऱ्यावरचे खडक बर्फ आजही खरवडत असतो.