रक्तगट जुळला, तरी किडनी का जुळत नाही?

रक्तगट जुळला की किडनी बसवता येते, असं ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. हा समज एकदा पक्का झाला की पुढचा प्रश्न पडतच नाही. एका देशात मृत्यू पावलेल्या दात्याची किडनी सीमा ओलांडून दुसऱ्या देशात कशाला पाठवायची? रक्तगट तर मोजून चार, तेव्हा जुळणारा रुग्ण जवळपास सापडायलाच हवा.

उत्तर लाल पेशींत नाही, पांढऱ्या पेशींत आहे. 1958 साली नेदरलँड्समधल्या लायडन शहरातले डॉक्टर यॉन फान रोड यांनी दाखवून दिलं, की गरोदरपणानंतर काही स्त्रियांच्या रक्तात दुसऱ्यांच्या पांढऱ्या पेशींवर हल्ला करणारी प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, असतात. ती येतात कुठून? बाळाच्या पेशींवर निम्म्या खुणा वडिलांकडच्या असतात. आईच्या प्रतिकारशक्तीला त्या परक्या वाटतात आणि ती त्यांची ओळख लक्षात ठेवते. अशा खुणा किडनीच्या पेशींवरही असतात, आणि त्यांनाच आज आपण एचएलए म्हणतो.

एचएलएची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर असतात. किडनीसाठी प्रामुख्याने ए, बी आणि डीआर या तीन जागा पाहतात. प्रत्येक जागेवर एक खूण आईकडची, एक वडिलांकडची, अशा एकूण सहा. प्रत्येक जागेचे माणसांमध्ये अनेक प्रकार आढळतात. सख्ख्या भावंडांत सगळ्या खुणा जुळण्याची शक्यता चारात एक असते. अनोळखी माणसांत तसं जुळणं दुर्मीळच.

सगळ्या खुणा जुळल्याच पाहिजेत असं मात्र नाही. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांमुळे काही खुणा वेगळ्या असल्या तरी चालतं. खरी अडचण त्या रुग्णांची, ज्यांच्या रक्तात प्रतिपिंडं आधीपासून तयार आहेत: गरोदरपणामुळे, रक्त चढवल्यामुळे किंवा आधीच्या प्रत्यारोपणामुळे. ही प्रतिपिंडं नव्या किडनीच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराला चिकटतात, तिथे रक्त गोठतं आणि किडनी काही मिनिटांत किंवा तासांत काळीनिळी पडते. म्हणून शस्त्रक्रियेआधी क्रॉसमॅच करतात. दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या रक्तद्रवात मिसळायच्या आणि त्या मरतात का ते पाहायचं. 1969 मध्ये पटेल आणि तेरासाकी या संशोधकांनी ही चाचणी किती मोलाची आहे ते आकड्यांत मांडलं. क्रॉसमॅच प्रतिकूल असताना, म्हणजे पेशी मरत असताना, बसवलेल्या 30 किडन्यांपैकी 24 तत्काळ निकामी झाल्या होत्या. अनुकूल असताना 195 पैकी फक्त 8.

आता गणित पाहा. समजा एका रुग्णाचं रक्त 100 पैकी 99 दात्यांच्या पेशींवर हल्ला करतं. वर्षाला 100 दाते मिळणाऱ्या देशात त्याला चालेल असा सरासरी एकच, आणि त्याचाही रक्तगट जुळायला हवा. हेच दाते 2000 असतील तर वीस जणांतून शोधता येतं. दोन-तीन बाळंतपणं झालेली स्त्री यादीत वर्षानुवर्षं थांबून राहते, ते अनेकदा याच कारणाने, आणि ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते.

म्हणूनच फान रोड यांनी 1967 मध्ये युरोट्रान्सप्लांट या, अनेक देशांत मिळून अवयवांचं वाटप करणाऱ्या संस्थेची स्थापना केली. आज त्यात जर्मनी, ऑस्ट्रिया, नेदरलँड्स, बेल्जियम, लक्झेंबर्ग, स्लोव्हेनिया, क्रोएशिया आणि हंगेरी असे आठ देश आहेत. उत्तर युरोपातल्या देशांची अशीच संस्था, स्कँडियाट्रान्सप्लांट, 1969 सालची.

हृदयाचं गणित वेगळं आहे. बर्फाच्या थंडाव्यात ते साधारण चार तासच टिकतं, म्हणून तिथे अंतर आणि रुग्णाची निकड यांना जास्त वजन. किडनी चोवीस तास, कधी त्याहून जास्त, तग धरते. त्यामुळेच ती योग्य माणसाच्या शोधात दूरवर जाऊ शकते.

बेशुद्ध करून किडनी काढून नेल्याच्या कहाण्या मोबाइलवर फिरत असतात. वरच्या चाचण्या समजल्या की त्या किती पोकळ आहेत ते कळतं: कुणाला चालेल हे ठाऊक नसलेली किडनी कोण, कुणात बसवणार? अवयवांचा काळाबाजार मात्र खरा आहे. तो गरिबांच्या नडीवर चालतो, आणि 2008 च्या इस्तंबूल जाहीरनाम्याने त्याचा स्पष्ट निषेध केला आहे.

देणारा देश तोट्यात राहू नये म्हणून युरोट्रान्सप्लांट किडन्यांच्या देवाणघेवाणीचा हिशेब ठेवतं. ज्या देशाने जास्त दिल्या, त्याच्या रुग्णांना वाटपात जास्त गुण मिळतात. पण अतिसंवेदनशील झालेल्या, म्हणजे ज्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं बहुतेक दात्यांच्या पेशींवर हल्ला करतात अशा, रुग्णांसाठी वेगळी वाट आहे. त्यांच्या रक्तात कोणत्या खुणांविरुद्ध प्रतिपिंडं नाहीत, याची यादी प्रयोगशाळा आधीच करून ठेवते. आठपैकी कोणत्याही देशात त्या यादीत बसणारा, रक्तगटही चालणारा दाता मिळाला, की किडनी इतरांच्या आधी त्या रुग्णाकडे निघते.