आपलाच गडी समोर उभा राहतो तेव्हा

१९८७ साली जपानच्या टेक्नोस कंपनीने ‘डबल ड्रॅगन’ हा गेम बाजारात आणला. दोघांनी मिळून खेळायचा. बिली आणि जिमी हे दोन भाऊ मॅरियन नावाच्या मुलीला सोडवायला निघतात आणि वाटेत येईल त्या गुंडाला लोळवत पुढे जातात. टोळीचा म्होरक्या पडला की गेम संपायला हवा. तो संपत नाही. पडद्यावर दोघे भाऊच उरतात आणि त्यांच्यातला एक पडल्याशिवाय मशीन पुढे सरकत नाही. इतका वेळ खांद्याला खांदा लावून लढलेल्या दोन पोरांनी आता एकमेकांना मारायचं. पुढे घरच्या टीव्हीवर खेळायची जी आवृत्ती आली तिच्यात तर जिमी हाच शेवटचा खलनायक निघतो.

नव्वदीच्या दशकात सोलापूरच्या व्हिडिओ गेम पार्लरांत डब्याचे पैसे उडवलेल्या पिढीला हे नव्याने सांगायला नको. ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हे कॅपकॉमच्या १९९३ च्या गेमचं खरं नाव आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक होतं कोण जाणे. सगळ्यांसाठी तो त्यातल्या एका पात्राच्या नावाने ‘मुस्तफा’च. ज्यांच्या घरी कॅसेटवाला गेम होता त्यांनी नामकोचा ‘बॅटल सिटी’ (१९८५) खेळलेला असतो. त्यात आपली गोळी जोडीदाराच्या रणगाड्याला लागली तर तो मरत नाही, पण काही सेकंद जागेवर गोठतो. नेमक्या त्याच वेळी शत्रू आला की घरात भांडण ठरलेलं. ‘काँट्रा’मधल्या धबधब्यावर पुढचा गडी घाईने वर चढला तर पडदाही वर सरकायचा आणि मागे राहिलेला खालच्या खाली मरायचा. ‘आपल्यालाच मारतंय की बे ते!’ ही ओरड तेव्हाची.

पण हे झाले अपघात. डबल ड्रॅगनच्या शेवटी घडतं ते वेगळं आहे. तिथे मशीन तुम्हाला बजावून सांगतं, की आता सोबत्याला मार, दुसरा रस्ता नाही. ही युक्ती गेली पस्तीसेक वर्षं गेम बनवणारे पुन्हा पुन्हा वापरत आले आहेत, आणि तिच्यामागे एक प्रोग्रामिंगची आणि एक मेंदूची अशा दोन गोष्टी आहेत. पहिली फारच सोपी आहे.

गेममधल्या प्रत्येक पात्राच्या नोंदीत एक छोटासा आकडा असतो. हा कुठल्या बाजूचा, एवढंच तो सांगतो. गोळी लागली की प्रोग्राम मारणाऱ्याचा आणि मार खाणाऱ्याचा आकडा ताडून पाहतो. दोन्ही सारखे असतील तर डॅमेज (म्हणजे इजा) शून्य, वेगळे असतील तर हेल्थ (म्हणजे उरलेला जीव) कमी. शत्रूने कुणावर धावून जायचं, डोक्यावरची पट्टी हिरवी दिसायची की लाल, बरं करणाऱ्याने कुणाला बरं करायचं, हे सगळं बहुधा याच एका आकड्यावर ठरतं. जादूगाराने तुमच्या सैनिकाच्या मनाचा ताबा घेतला, असं पडद्यावर मोठ्या थाटात दाखवतात तेव्हा आत फक्त १ चा २ झालेला असतो. गल्ली क्रिकेटमध्ये पोरं विषम भरली की एकाला ‘कॉमन’ ठेवतात, तसंच हे. पोरगा तोच, बॅट तीच, पण डाव बदलला की मघाशी ज्याच्या चौकारावर ओरडत होतो त्यालाच बाद करायचं. ‘काउंटर-स्ट्राइक’च्या स्पर्धात्मक सामन्यांत किंवा ‘हेलडायव्हर्स’मध्ये ही ताडणीच बाजूला ठेवलेली असते, तिथे चुकून झाडलेली गोळी आपल्या माणसालाही लागते.

खरी अडचण पुढे येते, आणि ती हिशोबाची असते. भूमिका घेऊन खेळायच्या गेममध्ये आपली बाजू आणि शत्रूची बाजू एका मापाने बेतलेलीच नसते. समजा तुमच्या योद्ध्याची हेल्थ ५०० आहे आणि त्याच्या एका वाराने २००० डॅमेज होतं. समोरच्या बॉसची, म्हणजे शत्रूच्या म्होरक्याची, हेल्थ ५०,००० आणि त्याच्या वाराचं डॅमेज १००. म्हणून लढाई रंगते: बॉस हळूहळू झिजतो, तुम्ही मधून मधून औषध घेता. आता तुमचाच योद्धा पलीकडे गेला तर? त्याच्या एका वारात तुम्ही संपता आणि तुमच्या एका वारात तो संपतो. पहिला वार कोणाचा, यावर सगळा खेळ. याला लढाई म्हणत नाहीत.

म्हणून गेम बनवणारे लबाडी करतात. पलीकडे गेलेल्या सोबत्याला गुपचूप बॉसचे आकडे चढवतात आणि परत आला की उतरवतात. काल एकट्याने तिघांना भारी पडलेला गडी आज आपल्याकडे आल्यावर साधा डाकूसुद्धा मारू शकत नाही, ही खेळाडूंची जुनी तक्रार यातूनच आलेली. दुसरी वाट म्हणजे लढाईचा निकाल आधीच ठरवून टाकायचा. ‘फायनल फँटसी ४’ (१९९१) मध्ये केन हा नायकाचा जिवलग मित्र गोल्बेझच्या मोहिनीखाली समोर उभा राहतो. त्या द्वंद्वात तुम्ही काहीही करा, हरणारच. आणि जाणकार खेळाडूंचीही एक लबाडी असते. अमुक ठिकाणी अमका फितूर होणार हे कळलं, की आदल्या मुक्कामावर त्याच्या अंगावरचं चिलखत, तलवार, अंगठ्या, सगळं काढून घ्यायचं. मग बिचारा उघड्याने लढायला येतो. ही नीती कुठली ते विचारू नका, पण उपयोगी पडते.

आता दुसरी गोष्ट. पडद्यावरच्या ठिपक्यांना मारताना आपल्याला काही वाटावंच का?

फ्रिट्झ हायडर आणि मारियान झिमेल यांनी १९४४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एक छोटीशी फिल्म दाखवली. तिच्यात दोन त्रिकोण, एक वर्तुळ आणि उघडझाप करणारा एक चौकोन, एवढंच. काय दिसलं ते सांगा म्हटल्यावर जवळजवळ सगळ्यांनी गोष्ट सांगितली: मोठा त्रिकोण दादागिरी करतो, वर्तुळ घाबरतं, छोटा त्रिकोण त्याच्या मदतीला येतो. हालचालीला हेतू चिकटवायची सवय आपल्या मेंदूला इतकी खोल लागलेली आहे, की त्याला चेहराही लागत नाही.

आणि ‘आपला’ म्हणायला तर त्याहून कमी लागतं. स्टॅनफर्डमध्ये क्लिफर्ड नास यांच्या गटाने १९९६ साली काही जणांना सांगितलं, की तुम्ही आणि हा कॉम्प्युटर एका टीममध्ये आहात आणि तुमचं गुणांकन दोघांचं मिळून होईल. बाकीच्यांना सांगितलं, की तुमचं गुणांकन तुमच्या एकट्याच्या कामावर होईल. कॉम्प्युटर दोन्ही गटांसमोर सारखाच वागत होता. तरी टीमवाल्यांना तो अधिक मदत करणारा, मनमिळाऊ वाटला, आणि त्याचे सल्लेही त्यांनी जास्त ऐकले. गेममध्ये तर याच्या जोडीला वीस-तीस तासांचा सहवास असतो. त्याने तुम्हाला मरता मरता वाचवलेलं असतं. त्याची तलवार तुम्ही स्वतः निवडलेली असते.

हे खोटं आहे हे कळत असूनही शरीर ऐकत नाही, याचा पुरावा लंडनमधून आला. स्टॅन्ली मिलग्रॅम यांचा साठच्या दशकातला प्रयोग प्रसिद्ध आहे: अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून माणसं पलीकडच्या अनोळखी माणसाला विजेचे झटके देत गेली (झटके खोटे होते, पण देणाऱ्यांना ते माहीत नव्हतं). मेल स्लेटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये तोच प्रयोग आभासी बाईवर केला. ३४ जण होते. त्यातल्या २३ जणांना ती दिसत होती, ऐकू येत होती. बाकीच्यांशी ती फक्त अक्षरांतून बोलत होती. ती खरी नाही हे प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी ज्यांना ती दिसत होती त्यांच्या हृदयाची गती आणि त्वचेची विद्युतवाहकता ताणाचीच साक्ष देत होती. काही जणांनी तर मध्येच थांबायचं ठरवलं.

गेमबाबत थेट मोजणी टिलो हार्टमन यांच्या गटाने २०१० मध्ये केली. लढाई एकच. फरक एवढाच, की काही खेळाडूंना सांगितलं तुम्ही छळछावणी बंद करायला आलेले संयुक्त राष्ट्रांचे सैनिक आहात, आणि बाकीच्यांना सांगितलं तुम्ही ती छावणी चालवणारे आहात. गोळ्या तशाच झाडायच्या. पण दुसऱ्या गटाला अपराधी वाटलं, आणि ज्यांच्या स्वभावात मुळातच सहानुभूती जास्त त्यांना अधिक वाटलं. पुढे मॅथ्यू ग्रिझार्ड आणि सहकाऱ्यांनी असंही दाखवलं, की तोच गेम पुन्हा पुन्हा खेळला तर ही टोचणी बोथट होत जाते. म्हणजे ही युक्ती एकदाच नीट चालते. सोबत्याला तिसऱ्यांदा फितूर करणाऱ्या गेमवाल्यांनी हे वाचायला हवं.

इथवर सगळं सरळ आहे. गुंता होतो तो सक्तीमुळे.

एमिली कॅस्पार, पॅट्रिक हॅगार्ड आणि सहकाऱ्यांचा २०१६ चा प्रयोग मला या सगळ्यात सर्वांत मोलाचा वाटतो. आपण स्वतःहून बटण दाबलं आणि क्षणभराने आवाज झाला, तर मधला वेळ आपल्याला प्रत्यक्षापेक्षा थोडा लवकर सरल्यासारखा वाटतो. कृती आणि तिचा परिणाम मेंदू जवळ ओढून घेतो. दुसऱ्या कुणी आपलं बोट धरून बटण दाबलं तर तसं होत नाही. म्हणजे ‘हे मी केलं’ ही जाणीव मोजायची एक पट्टीच हाती आली. या प्रयोगात एका बाईने बटण दाबलं की समोरच्या बाईला सौम्य झटका बसायचा किंवा तिचे पैसे कापले जायचे. कधी तिने स्वतः ठरवायचं, कधी प्रयोग घेणारी शेजारी उभी राहून हुकूम द्यायची. हुकमाखाली दाबलं तेव्हा मधला वेळ लांबलेला वाटला, जणू बोट दुसऱ्याच कुणी दाबलंय. आवाजाला मेंदूचा मिळणारा विद्युत प्रतिसादही मंदावला. ‘मला सांगितलं म्हणून केलं’ ही नुसती मागाहूनची सबब नसते. करताना जाणवतंही तसंच.

हे लक्षात घेतलं की ‘स्पेक ऑप्स: द लाइन’ (२०१२) का फसतो ते कळतं. निदान माझ्या मते फसतो; त्याचे चाहते पुष्कळ आहेत. दुबईत तुम्ही अमेरिकन सैनिक म्हणून उतरता आणि अमेरिकन सैनिकांशीच लढत जाता. एका ठिकाणी त्यांच्यावर माणसं जाळणारा पांढरा फॉस्फरस टाकावाच लागतो. टाळायचा प्रयत्न केला तरी गेम पुढे जात नाही. आणि नंतर तोच गेम तुम्हाला टोचून विचारतो, अजून हिरो असल्यासारखं वाटतंय का? आधी बोट धरून बटण दाबायला लावायचं आणि मग पाप तुमच्या माथी मारायचं. माझ्यासारखा खेळाडू चिडतो, पण स्वतःवर नाही, गेमवर.

‘मेटल गिअर सॉलिड ३’ (२००४) सक्तीच करतो, पण हुशारीने. शेवटी तुमची गुरू फुलांच्या मैदानात जखमी पडलेली असते. गोष्ट इथून आपोआप पुढे जाईल असं वाटतं. जात नाही. गोळी झाडण्याचं बटण तुमच्याच हातात दिलेलं असतं आणि गेम थांबून राहतो. कधी, हे तुम्ही ठरवायचं. पर्याय एकच, पण क्षण तुमचा. त्याच मालिकेच्या २०१५ च्या भागात तुम्ही स्वतः जमवलेल्या, नावानिशी ओळखत असलेल्या माणसांना रोगाची लागण होते आणि ती सॅल्यूट ठोकत तुमच्या बंदुकीसमोर उभी राहतात. मेलेली माणसं यादीतून कायमची जातात.

तरी मला विचाराल तर सगळ्यांत जड जातो तो परग्रहवासीयांशी सैनिकांची तुकडी लढवायचा ‘एक्सकॉम’ (२०१२), आणि त्यात तर असा एखादा मोठा प्रसंगही नाही. आमच्या गल्लीत इंजिनिअरिंगला असलेला एक मुलगा आहे. घरी तेलुगू, बाहेर मराठी, वडिलांचे यंत्रमाग. त्या गेममध्ये सैनिकांची नावं बदलता येतात, म्हणून याने सगळ्या मित्रांना भरती केलेलं. परग्रहावरच्या सरदाराने त्यांच्यातल्या एकाच्या मनाचा ताबा घेतला. ‘काका, खरं सांगू का, त्याला माझ्या बेस्ट फ्रेंडचं नाव दिलतं. बटणच दाबवेना बघा.’

‘मग काय केलास?’

‘बाकीच्यांना भिंतीआड ठेवलो. सरदाराला मारलं की हा सुटतो, म्हणून आधी त्याला शोधत बसलो. तेवढ्यात यानंच आमचा एक टिपला.’

इथे कुणी सक्ती केलेली नव्हती. मित्राला मारता येत होतं, वाचवायला जाता येत होतं, आणि वाचवायला गेल्याची किंमत दुसऱ्याने मोजली. कॅस्पार यांची पट्टी इथे लावली तर ‘हे मी केलं’ या बाजूलाच काटा झुकेल, असा माझा अंदाज आहे. सोबत्याशी लढायलाच लावणाऱ्या गेमपेक्षा न लढायची फट ठेवणारा गेम जास्त निर्दय असतो.

हा मुलगा सध्या स्वतःच एक गेम बनवतोय. मे महिन्याच्या दुपारी, पंखा आणि लॅपटॉप दोन्ही तापलेले. आपल्या भुईकोट किल्ल्यासारखा एक किल्ला, चार सोबती, आणि त्यातल्या वैद्यावर शत्रू मोहिनी घालतो. आकडा १ चा २ करणं त्याला पाच मिनिटांत जमलं. पण पलीकडे गेलेला वैद्य शत्रूंना बरं करत सुटतो आणि लढाई संपतच नाही. मी म्हटलं, त्याच्या पोतडीत मोजकीच औषधं ठेव, ती शत्रूवर खर्च झाली की संपली.

‘मग परत आल्यावर आमच्यासाठी काहीच राहत नाही की, काका.’

ते तसंच राहू दे, असं माझं म्हणणं. त्याचं अजून ठरलेलं नाही.