काट्याचं बटण दाबलं म्हणजे वजन मारलं?

“दुकानदार डबा ठेवून काट्याचं बटण दाबतो आणि डब्याचं वजन तुमच्या मालात धरतो,” असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. शंका रास्त आहे, पण घडतं ते नेमकं उलट.

समजा, मालवणात काजूगर घ्यायला तुम्ही २०० ग्रॅमचा स्टीलचा डबा नेलात. डबा ठेवून ‘टेअर’ दाबलं की काटा ते २०० ग्रॅम वजा करून शून्यावर येतो. तागडीच्या काळात दुसऱ्या पारड्यात खडे टाकून धडा करायचे, तेच हे. आता १ किलो दिसलं तर काजूगर पुरते १ किलो. हे निव्वळ वजन. डब्यासकट १.२ किलो, ते एकूण. बटण न दाबता १ किलो घेतलं असतंत, तर हाती ८०० ग्रॅमच (आणि काजूगरांचा भाव ठाऊक आहेच!).

पडताळा घ्यायचाय? आधी रिकाम्या डब्याचं वजन पाहून ठेवा. मोजून झाल्यावर डबा उचला. काट्यावर उणे २०० दिसायला हवं. उणे १०० दिसलं, तर १०० ग्रॅम काजूगर कमी मिळाले.

बंद पाकिटावर मात्र निव्वळ वजनच छापावं लागतं. मुंबईला पार्सल वजनावर पाठवलंत, तर भाडं खोक्यासकट.