बडोदा हायस्कूल (संस्थानी काळ)

बडोदा हायस्कूल म्हणजे गायकवाडांच्या राजधानीतलं सरकारी इंग्रजी हायस्कूल, मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकपर्यंत शिकवणारं. पुढे बडोदे कॉलेजात जाणारी मुलं मुख्यतः इथूनच तयार होत. आज शहरात हे नाव लावणाऱ्या शाळांबद्दल ही नोंद नाही.

स्थापना

सगळ्यात जास्त घोळ जन्मसालाचा आहे. बडोद्यात कुणालाही विचारा, शाळा सयाजीराव महाराजांनी काढली असंच सांगतील. त्यात लोकांचंही फार चुकत नाही, कारण सक्तीचं शिक्षण त्यांचं, कलाभवन म्हणजे तंत्रशिक्षणाची शाळा त्यांची, गावोगावची वाचनालयं त्यांची, मग हेही त्यांचंच असणार असं वाटतं. पण साल लावून पाहिलं की हे जुळत नाही. खंडेराव महाराज नोव्हेंबर १८७० मध्ये वारले, त्यांचे धाकटे भाऊ मल्हारराव तेव्हा बडोद्याजवळच्या पाद्रा गावी कैदेत होते, ते सुटून गादीवर आले आणि जुन्या गॅझेटिअरांच्या हिशोबाने १८७१ साली राजधानीत पहिल्या सरकारी शाळा उघडल्या, दोन गुजराती, दोन मराठी आणि एक इंग्रजी. ही एक इंग्रजी शाळा म्हणजेच पुढच्या हायस्कुलाचं बी. त्या वर्षी सयाजीराव जेमतेम आठ वर्षांचे होते, नाव अजून गोपाळराव, मुक्काम नाशिक जिल्ह्यातलं कवळाणे, आणि दत्तक विधीला (२७ मे १८७५) अजून चार वर्षं होती.

मग मल्हाररावांचं नाव कुणी का घेत नाही? कारण उघड आहे. त्यांची कारकीर्द संपली ती रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रज सरकारचा प्रतिनिधी, कर्नल फेअरवर विषप्रयोग केल्याच्या खटल्याने. चौकशी कमिशनमधल्या तिघा इंग्रजांनी त्यांना दोषी धरलं, तिघा हिंदी सभासदांनी धरलं नाही, तरी एप्रिल १८७५ मध्ये त्यांना पदच्युत केलंच. अशा राजाच्या खात्यावर एखादं चांगलं काम लिहायला नंतर कुणाला उत्साह राहिला नसावा. मला वाटतं तेवढं श्रेय त्यांच्या काळाला द्यायला हवं, कारभार वाईट होता हे मान्य करूनसुद्धा.

दुसरं मत १८७५ नंतरचं साल धरतं. दिवाण सर टी. माधवराव आले, शिक्षणखातं नीट बसवलं गेलं, तपासणी आणि परीक्षा सुरू झाल्या, आणि ‘हायस्कूल’ म्हणावं अशी रचना तेव्हाच आली असा हा युक्तिवाद. तोही अगदी टाकाऊ नाही, कारण नुसती इंग्रजी मुळाक्षरं शिकवणाऱ्या शाळेला हायस्कूल म्हणत नाहीत, मॅट्रिकला मुलं बसवावी लागतात. तिसरं एक साल अधूनमधून दिसतं ते १८८१, पण ते बडोदे कॉलेजचं, घुमटवाल्या इमारतीचं, ते इथे चुकून येतं. सगळं पाहता शाळेचा जन्म १८७१ आणि हायस्कूल म्हणून बांधणी १८७० च्या दशकाच्या उत्तरार्धात, असं धरणं जास्त सयुक्तिक.

शेजाऱ्यांच्या मानाने हा उशीरच म्हणायचा. इंदूरची ‘मदरसा’ नावाची शाळा १८४१ ची, सुरतेची इंग्रजी शाळा १८४२ ची. बडोद्यात तोपर्यंत मराठी मुलं पंतोजींकडे मोडी आणि हिशेब शिकायची, गुजराती मुलं ‘धूळी निशाळे’त धुळाक्षरं गिरवायची, आणि एवढ्यावर दरबारची कारकुनी आणि बाजारातली पेढी दोन्ही चालत होतं, म्हणून कुणाला घाई नव्हती.

इयत्तांची मोजणी

जुने दाखले वाचताना इथेच गल्लत होते म्हणून जरा सविस्तर. आधी मातृभाषेच्या चार इयत्ता, मग इंग्रजी पहिली ते सातवी, आणि सातवी म्हणजेच मॅट्रिक, एकूण अकरा. इंग्रजी पहिली ते तिसरी शिकवणाऱ्या शाळेला ए. व्ही. स्कूल म्हणजे अँग्लो-व्हर्नाक्युलर म्हणत, आणि हायस्कुलाचा खरा भाग इंग्रजी चौथीपासून वर. बऱ्याच मराठी घरांत आजोबा-पणजोबांचा दाखला ट्रंकेच्या तळाशी असतो, घडीवर फाटलेला, शाई तपकिरी पडलेली, आणि त्यावर ‘इंग्रजी पाचवी’ वाचून नातवंडं म्हणतात पणजोबा पाचवीच शिकलेले. तसं नाही, ती आजची नववी. मातृभाषेतून सातवीपर्यंत जाऊन व्हर्नाक्युलर फायनल देणारे वेगळे, ते बहुधा मास्तर किंवा तलाठी व्हायचे, त्यांचा रस्ता हायस्कुलातून जात नव्हता.

भाषा आणि मुलं

राज्यकर्ते मराठी आणि प्रजा बहुतांश गुजराती, हा बडोद्याचा कायमचा पेच. प्राथमिकला तो सरळ वाटून सोडवला होता, मराठी शाळा वेगळी आणि गुजराती वेगळी. वरच्या वर्गात शिकवणं इंग्रजीतून, त्यामुळे दांडिया बाजारातला कारकुनाचा मुलगा आणि मांडवीकडच्या वाण्याचा मुलगा पहिल्यांदा एका बाकावर बसायचे ते हायस्कुलात. माझ्या मते या शाळेचं सगळ्यात मोठं काम हेच. बडोद्याचा जुना मराठी माणूस गुजराती इतकी सहज बोलतो आणि त्याचे निम्मे जिवलग मित्र गुजराती असतात, त्याची मुळं बाजाराइतकीच या बाकांवर आहेत.

सक्तीच्या शिक्षणाचाही परिणाम झाला. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात प्रयोग झाला, १९०६ पासून सगळ्या संस्थानात लागू झाला. सक्ती फक्त प्राथमिकला होती, हायस्कुलात फी होती, पण चार इयत्ता शिकलेल्या मुलांची संख्या वाढली तशी वरची मागणी वाढली. मुली इथे नव्हत्याच म्हणायला हरकत नाही, त्यांच्यासाठी पुढे महाराणींच्या नावाचं वेगळं हायस्कूल झालं. आणि अस्पृश्य मुलांच्या ‘अंत्यज शाळा’ वेगळ्या होत्या, तिथून हायस्कुलापर्यंत पोचणं फार थोड्यांना जमलं. ज्या संस्थानाने डॉ. आंबेडकरांना १९१३ मध्ये शिष्यवृत्ती देऊन कोलंबियाला पाठवलं त्याच शहरात १९१७ मध्ये त्यांना राहायला जागा मिळाली नाही, हे इथल्या शिक्षणाबद्दल लिहिताना सोडून पुढे जाता येत नाही.

विनोबा

शाळेचे सगळ्यात माहीत असलेले विद्यार्थी विनायक नरहर भावे, म्हणजे विनोबा. जन्म १८९५ चा गागोद्याचा, वडील नोकरीनिमित्त बडोद्यात होते म्हणून कुटुंब इथे आलं. १९१० च्या सुमारास ते हायस्कुलात आले आणि १९१३ मध्ये मॅट्रिक झाले. वडिलांना आधुनिक विद्येची ओढ, म्हणून दुसरी भाषा फ्रेंच घ्यायला लावली, आईची इच्छा संस्कृतची होती, आणि संस्कृत मग त्यांनी आपापलं शिकून घेतलं. गणित आवडतं, वर्गापेक्षा वाचनालयात आणि रस्त्यावर भटकण्यात वेळ जास्त. १९१४ मध्ये मित्रांना जमवून त्यांनी विद्यार्थी मंडळ काढलं, व्याख्यानं, चर्चा, पुस्तकं गोळा करणं असं चालायचं, त्यातले काही मित्र पुढे गांधीजींच्या आश्रमातही त्यांच्याबरोबर गेले.

सर्टिफिकेटांची गोष्ट बडोद्याच्याच घरातली. आई चुलीपुढे स्वयंपाक करत होती, विनोबा शेजारी बसून कागदांची गुंडाळी पेटवत होते. काय जाळतोस म्हणून विचारलं तर मॅट्रिकची वगैरे सर्टिफिकेटं. आईचं म्हणणं साधं होतं, लागणार नसतील आत्ता, पण ठेवली तर बिघडलं काय. मुलाला नोकरी करायचीच नव्हती. ज्या कागदासाठी आख्खी आळी अकरा वर्षं घासत होती तो कागद असा चुलीत गेला. मार्च १९१६ मध्ये विनोबांनी इंटरच्या, म्हणजे कॉलेजातल्या दुसऱ्या वर्षाच्या, परीक्षेला म्हणून मुंबईची गाडी धरली, सुरतेला उतरले आणि काशीला गेले.

आजूबाजूचं

हायस्कुलातल्या मुलांचं अर्धं शिक्षण शाळेबाहेर झालं. एक म्हणजे आखाडा, जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रोफेसर माणिकरावांकडे मल्लखांब, लाठी, कवायत. दुसरं वाचनालय. विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन तज्ज्ञाला १९१० मध्ये बोलावून महाराजांनी संस्थानभर वाचनालयांचं जाळं उभारलं, आणि सेंट्रल लायब्ररी त्याचं केंद्र. आजच्या इमारतीत पुस्तकांच्या मजल्यांना काचेच्या फरश्या आहेत, वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत उतरतो, आणि वर कुणी चालत असलं की खालून त्याच्या पायांची सावली सरकताना दिसते.

१९४९ नंतर

१ मे १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, त्याच सुमारास विद्यापीठाची मॅट्रिक जाऊन बोर्डाची एस. एस. सी. आली, आणि सयाजीराव विद्यापीठ झाल्यावर शिक्षणाचं सगळं वजन तिकडे सरकलं. १९६० मध्ये गुजरात वेगळं झालं. वरच्या वर्गांचं माध्यम मातृभाषा झाल्यावर पूर्वी इंग्रजीने एकत्र आणलेली मुलं पुन्हा भाषेप्रमाणे वेगवेगळ्या तुकड्यांत गेली, आणि मराठी माध्यम हळूहळू आटत गेलं. घरात मराठी, शाळेत गुजराती किंवा इंग्रजी, असं आता बहुतेक मराठी कुटुंबांचं आहे.