उपाशी या म्हणजे गोळ्याही बंद?

सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनवर बघत सुईने यकृताचा तुकडा काढायचा, पू निचरायला नळी टाकायची. अशा कामाला 'उपाशी या' म्हटलं की खान्देशात बऱ्याच घरांत अर्थ निघतो: रात्रीपासून पाण्याचा थेंब नाही आणि बीपीची गोळीही नाही. हा समज चुकीचा आहे.

गुंगीत पोटातलं अन्न उलटून फुफ्फुसात जाऊ नये, एवढ्यासाठी उपास. साधारण नियम असा: हलकं खाणं 6 तास आधीपर्यंत, साधं पाणी 2 तास आधीपर्यंत. तर्रीदार शेवभाजीला 8 तास धरा. दुधाचा चहा पाण्यात मोजत नाहीत, आणि नेमकं तिथेच लोक फसतात. मे महिन्यात पारा 44 वर असताना चोपड्याहून जळगावला एसटीने कोरड्या घशानं येणं किडनीला जड. शिरेतून कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये अवयव ठळक दिसावेत म्हणून दिलं जाणारं औषध) द्यायचं असेल तर जास्तच.

बीपीची रोजची गोळी सहसा घोटभर पाण्यासोबत घ्यायची असते. प्रेशर चढलेलं असेल तर सुईच्या जागी रक्तस्रावाचा धोका वाढतो, मग काम पुढे ढकलतात. इन्सुलिनचं उलट: उपाशीपोटी नेहमीचा डोस घेतला तर साखर घसरू शकते.

वॉरफेरिन, क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या खोल बायोप्सीआधी (सुईने आतला तुकडा काढण्याआधी) साधारण 5 दिवस थांबवतात, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळीची नळी) असलेल्यानं या गोळ्या परस्पर बंद केल्या तर स्टेंटच तुंबू शकतो. तारीख घेतानाच गोळ्यांची पिशवी डॉक्टरांसमोर ओता.