शून्य नायट्रेटचा हट्ट कुठून आला

जळगावात घरात समुद्र भरायचा, म्हणजे खाऱ्या पाण्याची मासे-प्रवाळांची टाकी करायची म्हटलं, की शेजारचे आधी हसतात. "भाऊ, आठे पेवाले पानी नही, अन् तू समुद्र करी ऱ्हायना?" हसून झालं की टाकीवाल्यापुढे खरा प्रश्न येतो, फिल्टर कोणता लावायचा. दुकानदार नवं यंत्र दाखवतो. ते यंत्र कोणत्या अडचणीतून जन्मलं हे कळलं, तर आपली अडचण तीच आहे का, हे तरी ताडून बघता येतं.

मासा खातो, घाण करतो, उरलंसुरलं कुजतं आणि अमोनिया होतो. जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, हे सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास मातीतल्या जिवाणूंवर काम करताना दाखवून दिलं. केळीला ड्रिपमधून युरिया सोडणाऱ्या रावेर-यावलच्या बागायतदाराला यात नवल वाटणार नाही. त्याला नायट्रेट हवं असतं, आम्हाला नको. निदान आमची बरीच वर्षं तशी समजूत होती.

१९५०-६० च्या दशकांत चलती होती ती रेतीखालच्या फिल्टरची. तळाला जाळीची प्लेट, वर रेती आणि हवेच्या जोरावर रेतीतून खाली ओढलेलं पाणी. अमोनिया मारायला हे पुरेसं होतं, पण नायट्रेट टाकीतच साचत जायचं. मासे तगायचे, प्रवाळ नाही. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं, पण त्याच्या दाराशीच समुद्र. आपल्यासारख्या आतल्या गावांचं नशीब उघडलं ते १९६० च्या दशकात अमेरिकेत तयार समुद्री मीठ विकायला आलं तेव्हा.

त्याच सुमारास, १९६१ मध्ये, जकार्ताच्या ली चिन एंग यांनी आपली 'निसर्गपद्धत' लिहून प्रसिद्ध केली. जिवाणू-किड्यांनी भरलेला समुद्रातला दगड, ऊन आणि हवेचे थोडे बुडबुडे, बस. जकार्तात दगडही जवळ आणि पाणीही. दगडाच्या आत प्राणवायू पोचत नाही, तिथले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. रेतीखालच्या फिल्टरला न जमलेलं काम हा दगड करत होता.

दुसरी वाट जर्मनीतून आली, स्किमरची. गुऱ्हाळात रस उकळताना भेंडीचं पाणी टाकून वर आलेली मळी झाऱ्याने काढतात, तसलाच प्रकार. बारीक बुडबुड्यांना प्रथिनं चिकटतात, फेस वर चढतो आणि कपात पडतो. खाऱ्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होत नाहीत, म्हणून हे तिथे साधतं, गोड्या पाण्यात नीट साधत नाही. माझ्या स्किमरच्या कपात तिसऱ्या दिवशी काळ्या चहासारखं पाणी जमतं. कप घरात धुतला तर घरचे जेवायला बसत नाहीत. पण ती घाण कुजून अमोनिया व्हायच्या आधीच टाकीबाहेर गेलेली असते, हे विसरू नये.

१९८६ मध्ये जॉर्ज स्मित यांच्या लेखांनी अमेरिकेत छोट्या रीफ टाकीची, म्हणजे प्रवाळांच्या टाकीची, हौस पसरली, सोबत ठिबकणाऱ्या कोरड्या-ओल्या फिल्टरची. तो अमोनिया झपाट्याने खायचा आणि तितक्याच झपाट्याने नायट्रेट बनवायचा. मग बर्लिन पद्धत पुढे आली: दगड, दणकट स्किमर आणि पीटर विल्केन्स यांनी रुळवलेली चुन्याची निवळी. हो, आपली निवळीच. प्रवाळाला लागणारं कॅल्शियम आणि क्षारता एकदम भरून निघते, थोडा फॉस्फेटही बसतो. पानाच्या डब्यातला चुना मात्र नको. मोनॅकोकडचे जोबेर यांचा जाड रेतीचा थर आणि अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या वॉल्टर एडी यांची शेवाळाची जाळी, याही त्याच काळातल्या.

आपल्याकडे बर्लिन पद्धतीचा पहिला खांबच कायद्यात अडकतो. २००१ पासून कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे समुद्रातून उचललेला प्रवाळाचा दगड घरात आणायचा नाही. सिरॅमिकचा दगड घेऊन जिवाणू रुजायला काही महिने थांबणं आलं.

२००० नंतर शून्याचं वेड आलं. टाकीत व्होडका किंवा व्हिनेगर थेंबाथेंबाने सोडायचं. त्यातल्या कार्बनवर जिवाणू वाढतात, नायट्रेट-फॉस्फेट खातात आणि स्किमर त्यांनाच काढून टाकतो. उरलेल्या फॉस्फेटला लोह ऑक्साइडचे दाणे, जे पिण्याच्या पाण्यातलं आर्सेनिक काढायलाही वापरतात. मीही दोन्ही केलं. पाणी तपासायचं किट शून्य दाखवू लागलं, प्रवाळ फिकट पडले आणि रेतीवर बुडबुडे अडकलेला तपकिरी शेंबूड पसरला. डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय सूक्ष्मजीव. टाकी स्वच्छ नव्हती, उपाशी होती. २०१२-१३ मध्ये साउदम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेटचा दुष्काळ असेल, तर उष्णता-प्रकाशाच्या ताणात प्रवाळ लवकर पांढरा पडतो. आता बरेच जण नायट्रेट ५ च्या आसपास आणि फॉस्फेट ०.०५ च्या आसपास, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये, मुद्दाम राखतात.

उष्णतेचा ताण भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात कोणाला शोधायला जावं लागत नाही. मी पाण्यावर पंखा सोडतो. हवा कोरडी असल्याने तो चांगला गारवा देतो (पावसाळ्यात तितका नाही), पण २०० लिटरच्या टाकीतून रोज चार लिटर पाणी उडतं. ते बोअरच्या पाण्याने भरलं आणि त्यात लिटरला ४० मिलिग्रॅम नायट्रेट असेल, तर टाकीत लिटरमागे रोज ०.८ मिलिग्रॅमने वाढ, महिन्यात २४. मीठ उडत नाही, तसं नायट्रेटही उडत नाही. आधी आरओ, मग फिल्टर.

व्होडकाची वाट मी सोडली. जिवाणू प्राणवायू ओढतात आणि आमच्याकडे लाइट जाते तीही नेमकी दुपारी, पाणी सर्वांत गरम असताना. आता बेताचा स्किमर आणि सम्पमध्ये, म्हणजे खालच्या जोडटाकीत, केटोमॉर्फा शेवाळ आहे, महिन्यातून दोनदा मूठभर तोडून टाकायचं. इन्व्हर्टरवर फक्त लाटेचा पंप जोडलाय. स्किमर चार तास बंद राहिला तर चालतं, पाणी हलायचं थांबलं तर नाही.