एओ म्हणजे धाकटी एआर नव्हे

नवतपा जवळ आला की आमच्या नागपुरात सर्व्हरच्या कुठल्याही दुखण्याचं खापर उन्हावर फुटतं. व्हीएमच्या (सर्व्हरवर चालणाऱ्या आभासी मशीनच्या) लॉगमध्ये 'हार्डवेअर एरर' अशी ओळ दिसली की पहिला फोन एसीवाल्याला जातो, दुसरा मला. मी लॉग मागितला की पलीकडून हमखास येतं, "भाऊ, एओ आहे म्हणे. ऑप्शनल. सोडून देऊ ना?"

एओ आणि एआर ही रॅमच्या दुरुस्त न होणाऱ्या बिघाडाच्या दोन प्रकारांची नावं. या 'सोडून देऊ ना'ला मी कंटाळलोय, म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

करेक्टेड आणि अनकरेक्टेड यांतला फरक तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. एक बिट उलटला, ईसीसीने (रॅमच्या चूक-दुरुस्तीच्या सोयीने) सरळ केला, विषय संपला. क्यूएमू, म्हणजे व्हीएम चालवणारा प्रोग्राम, अशा एरर गेस्टमध्ये, म्हणजे व्हीएमच्या आत, पोचवतच नाही. तेव्हा गेस्टमध्ये रासडीमन (हार्डवेअर एररची नोंद ठेवणारा प्रोग्राम) बसवून रोज सकाळी 'शून्य एरर'चा रिपोर्ट पाठवणाऱ्यांनी तो होस्टवर, म्हणजे खालच्या खऱ्या मशीनवर, बसवावा. सीपीयू एररची माहिती ज्यात लिहितो त्या स्टेटस रजिस्टरमधला पीसीसी बिट लागला असेल, तर सीपीयूच्या स्वतःच्या स्थितीचाच भरवसा गेला. तिथे होस्टच बसतो, गेस्टचं काय घेऊन बसलात.

घोळ होतो तो यांच्या मधल्या दोन प्रकारांत: एओ, म्हणजे कृती ऐच्छिक, आणि एआर, म्हणजे कृती आवश्यक. दोन्ही अनकरेक्टेड, दोघींचाही त्याच रजिस्टरमधला ६१वा बिट लागलेला. दोन्ही १८ क्रमांकाच्या एक्सेप्शनने (मशीन चेकने) येतात आणि दोन्ही शेवटी प्रोसेसला सिगबस (मेमरी बिघडल्याचा कर्नलचा इशारा, ज्याने प्रोसेस सहसा मरते) देतात. फरक ५५व्या बिटाचा. (हे सगळं इंटेलचं. एएमडीने 'डिफर्ड' नावाची वेगळी चूल मांडली आहे.) नावात 'ऐच्छिक' दिसलं की लोक एओला सौम्य समजतात, जणू एआरला ताप १०३ आणि एओला ९९.

तसं मुळीच नाही. डेटा दोन्हींत सारखाच गेलेला असतो. प्रश्न एवढाच, की तो आत्ता कोणी मागत होतं का.

कुलरचं घ्या. इलेक्ट्रिशियन घरी आला, त्याने सहज टेस्टर लावला आणि म्हणाला, बॉडीत करंट उतरलाय. त्या क्षणी कुलरला कोणाचाच हात लागलेला नव्हता. ही एओ. मेमरी कंट्रोलर रिकाम्या वेळी रॅम चाळत असतो, त्याला पॅट्रोल स्क्रब म्हणतात. त्यात बिघडलेली जागा सापडली, पण ती कोणीही वाचत नव्हतं. आता टंकीत पाणी भरायला पोरगं बादली घेऊन गेलं आणि त्याचा हात बॉडीपाशी पोचला. ही एआर. सीपीयू त्याच पत्त्यावरून डेटा उचलत होता, ती सूचना पूर्ण होऊ शकत नाही, आणि काही केल्याशिवाय पुढचं पाऊल टाकता येत नाही. करंट दोन्ही वेळी तेवढाच आहे. 'ऐच्छिक' याचा अर्थ या क्षणी कोणाचं काम अडलेलं नाही, इतकाच.

आता हे व्हीएममध्ये कसं उतरतं ते बघा, कारण खरी गंमत तिथे आहे. होस्टच्या लिनक्स कर्नलला बिघडलेलं पान (रॅमचा ठरावीक मापाचा तुकडा) कळलं की तो त्या पानावर 'विषारी' असा शिक्का मारतो आणि ते ज्याचं आहे त्या प्रोसेसला सिगबस पाठवतो. एआर असेल तर सिगबसचा कोड ४, एओ असेल तर ५. साधी प्रोसेस असेल तर एओची खबर सहसा दिलीच जात नाही, हात लागेपर्यंत थांबतात. क्यूएमू मात्र आधीच सांगून ठेवतो की मला लवकर कळवा. खबर आली की तो आपला पत्ता गेस्टच्या फिजिकल पत्त्यात बदलतो आणि गेस्टच्या आत एक बनावट मशीन चेक टोचतो. एओसाठी एरर कोड ०एक्ससी०, म्हणजे स्क्रबिंग. एआरसाठी ०एक्स१३४, म्हणजे डेटा लोड.

एओ पोचली तेव्हा गेस्टच्या कर्नलच्या हातात वेळ असतो. पान मोकळं असेल तर तो ते पुन्हा कोणाला देत नाही. फाइलच्या कॅशचं असेल आणि त्यात बदल झालेला नसेल, तर टाकून देतो आणि डिस्कवरून परत वाचतो. कोणी मरत नाही. एआरमध्ये ही चैन नाही: जी प्रोसेस वाचत होती तिला सिगबस, आणि खुद्द कर्नल वाचत असेल तर बहुतेक वेळा पॅनिक, म्हणजे अख्खा गेस्टच बंद.

आता तुम्ही एओ 'सोडून दिली', आणि ते पान एखाद्या डेटाबेसच्या बफरचं, लिहिलेलं पण डिस्कवर न गेलेलं होतं. चार तासांनी डेटाबेसने ते वाचायला घेतलं. गेस्टने स्वतः ते पान आधीच बाजूला केलं असेल, तर आतल्या आतच डेटाबेसला सिगबस मिळतो. केलं नसेल, तर तो वाचायला जाताच होस्टला पान विषारी दिसतं, व्हीसीपीयूच्या (गेस्टच्या आभासी सीपीयूच्या) थ्रेडला कोड ४चा सिगबस जातो आणि गेस्टमध्ये नवी कोरी एआर उमटते. होस्टच्या हार्डवेअरने या वेळी काहीही म्हटलेलं नसतं! बिघाड तोच, जुना. आमच्याकडे एकाने गेस्टमधल्या दोन नोंदी मोजल्या आणि दोन डिम (रॅमच्या पट्ट्या) खराब म्हणून मागणीपत्रही टाकलं. खराब एकच होतं.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठीही फरक हाच. एओच्या सिगबस हँडलरमधून सरळ परत आलात तर चालतं. एआरच्या हँडलरमधून तसेच परत आलात तर तीच सूचना पुन्हा चालते, पुन्हा सिगबस, आणि कोल्हूचा बैल फिरत राहतो. सिगबससोबत आलेला कोड (४ की ५) न बघता लिहिलेला सिगबस हँडलर मी रिव्ह्यूमध्ये पास करत नाही, मग लिहिणारा कितीही सीनियर असो.

बारीकसारीक राग उरकून घेतो. गेस्टमध्ये 'बँक ९' (बँक म्हणजे एररच्या नोंदीचा रजिस्टर-गट) दिसली म्हणून इंटेलचं मॅन्युअल उघडू नका, क्यूएमूने टोचलेली एरर बँक ९मध्येच पडते. गेस्टमधला पत्ता घेऊन होस्टवर डिम शोधू नका. क्यूएमूच्या लॉगमध्ये त्याचा स्वतःचा पत्ता आणि गेस्टचा पत्ता असे दोन्ही असतात, डिमचा मागोवा मात्र होस्टच्या लॉगवरूनच लागतो. व्हीएमला २ एमबीची ह्यूजटीएलबी (मोठी) पानं दिली असतील, तर ६४ बाइटच्या बिघाडापायी होस्ट ते अख्खं पान काढून घेतो, म्हणजे गेस्टची ४ केबीची ५१२ पानं. आणि गेस्टच्या बूट ओळीत 'एमसीई इक्वल टू ऑफ' टाकून आवाज बंद करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: गेस्टने मशीन चेक चालूच केलं नसताना एरर आली, तर क्यूएमू तो गेस्ट सरळ रीसेट करतो. टेस्टर फेकून दिल्याने बॉडीतला करंट जात नाही, बाप्पा.

राहिला क्रम. सगळे आधी लाइव्ह मायग्रेशनला (चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवायला) धावतात. नवा क्यूएमू विषारी पान असलेला व्हीएम हलवू देत नाही, आधी रीबूट करा असं स्वच्छ सांगतो, तरी लोक तो मेसेज न वाचता पुन्हा तेच बटण दाबतात. कारण साधं आहे. गेस्ट रीसेट झाला की क्यूएमू त्या विषारी पानांच्या जागी होस्टकडून नवी पानं घेतो. गेस्टच्या आतून केएक्झेकने (मशीन रीसेट न करता नवा कर्नल चालू करून) केलेलं रीबूट यात धरू नका, ते क्यूएमूला कळतच नाही. तेव्हा आधी डेटाबेस नीट बंद करा, मग गेस्टचा खरा रीसेट, मग मायग्रेशन, आणि होस्ट रिकामा झाला की डिम. एसीवाल्याला यात कुठेच बोलवायचं नाही.